समुद्राकडे पाठ

आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि खालच्या मजल्यावरून गवती चहाचा वास वर आला. कुणीतरी हिरवी पाती चुरगळून आधणात टाकली असावीत. वसईत या वासाचं कुणाला अप्रूप नाही. जुन्या घरांच्या न्हाणीमागे, सांडपाण्याच्या ओलीवर, गवती चहाचं बेट माजलेलं असायचंच. कुणी आजारी पडलं की हात घालून मूठभर ओरबाडून आणायचं. तरीही हा वास आला की मला ती न्हाणी आठवत नाही. मी थेट ढगांच्या वर जाऊन पोचते, एका रुंद करड्या खुर्चीत, आणि शेजारच्या तशाच खुर्चीत आय बसलेली असते, हातात वाफाळता ओला रुमाल धरून. वासांचं हे मोठं विचित्र असतं. जिथे उगवले तिथे ते राहत नाहीत. एखाद्या क्षणाला जाऊन चिकटतात आणि मग जन्मभर त्या क्षणाचेच होऊन जातात.

आय म्हणजे आमची आई. आमच्याकडे आयच म्हणतात. तिचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीचं. लग्न होऊन ती भुईगावच्या वाडीत आली आणि तिथलीच झाली. वडील गेल्यावर त्या घरात ती एकटी राहत होती. पुढे मोगऱ्याचे वाफे, बाजूला केळी, मागे विहीर, दारात सोनचाफा, आणि पश्चिमेला सुरूच्या बनापलीकडे रात्रंदिवस घुमणारा समुद्र. मी वसईतच, पण स्टेशनाजवळच्या फ्लॅटमध्ये. धाकटा भाऊ मीरा रोडला. रविवार उजाडला की आम्ही दोघं आपापली बिऱ्हाडं घेऊन वाडीत हजर. आठवडाभराचा शीण त्या झाडांखाली उतरवायचा, विहिरीच्या पाण्याने पाय धुवायचे, आयच्या हातचं कालवण जेवून माडाच्या सावलीत पाठ टेकायची. आपल्याला परतायला अशी एक जागा आहे या जाणिवेवर आमचे सोमवार ते शनिवार निघून जात.

मग एका पावसाळ्यात आय केळीत शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला तो सुजलाच, आणि शेजारच्या बाईला तिची हाक ऐकू येईपर्यंत ती चिखलात पडून होती. ही गोष्ट भावाच्या मनातून जाईना. आयला आता तिथे एकटं ठेवायचं नाही, घर बंद करायचं आणि तिला आपल्याकडे आणायचं, असं आम्ही ठरवलं. प्रश्न होता तिला सांगायचं कसं. "घरी विषय काढला की ती उठून मोगऱ्याला पाणी घालायला जाईल," भाऊ म्हणाला. "कुठेतरी लांब नेऊ. रिलॅक्स असेल, तेव्हा शांतपणे सांगू." आयने तोवर विमान पाहिलं होतं ते वाडीतून, मान वर करून. त्यामुळे परदेशी न्यायचं, पण फार दमवायचं नाही, अशा हिशेबाने श्रीलंकेचा एक किनारा ठरला, आणि जायचं आम्ही तिघांनीच.

विमानतळावरून मोटारीने रिसॉर्टकडे निघालो तेव्हा आय काचेला नाक लावून बसली होती. बाहेर माड, केळी, भाताची खाचरं. एका वळणावर पांढरंशुभ्र चर्च, त्याच्या पायथ्याशी टोपल्या मांडून बसलेल्या मासळीवाल्या. बराच वेळ तिने ते सगळं पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "बाय, यवढं इमानात बसून आपन परत भुईगावलाच आलो काय?" भाऊ पुढच्या सीटवर बसून हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

रिसॉर्टवर आम्हांला तीन वेगवेगळ्या खोल्या होत्या, कौलारू, एकेकट्या, बागेत पसरलेल्या. मी आयजवळ झोपणार होते. तिने मला घालवून दिलं. "माझी खोली हाय ना? मग तू तुझ्या खोलीत जा." तिच्या खोलीपुढे छोटी पडवी होती आणि पडवीत समुद्राकडे तोंड करून ठेवलेली वेताची खुर्ची. पहिल्याच संध्याकाळी आयने ती खुर्ची उचलून उलटी केली. समुद्राकडे पाठ आणि तोंड पायवाटेकडे, जिथून येणारे-जाणारे दिसत. "समुद्र काय बघायचा? समुद्र घरी हाय. मी मानसं बघते." दुसऱ्या दिवशी खोली झाडायला आलेल्या बाईने खुर्ची पुन्हा समुद्राकडे वळवून ठेवली. आयने ती परत फिरवली. रोज हेच. त्या बाईला मराठी येत नव्हती, आयला सिंहली. तरी दोघी पडवीत उभ्या राहून हातांनी नातवंडांची उंची दाखवत बोलत असत. मी येता-जाता पाहायची आणि गंमत वाटून पुढे जायची. आयने आतलं टेबलसुद्धा खिडकीशी ओढून नेलं होतं, पाण्याची सुरई उशाकडून पायथ्याकडे नेली होती. तिच्या चित्रविचित्र सवयी, असं आम्ही म्हटलं.

आणि जे सांगायला एवढ्या लांब आलो होतो, ते काही केल्या सांगून होईना. वाळूत फिरताना भाऊ माझ्याकडे बघायचा, मी समुद्राकडे. जेवताना मी सुरुवात करायची, तर नेमका वाढपी येऊन माशाचा काटा काढून देऊ का विचारायचा. आय इतकी प्रसन्न होती की तिच्या त्या प्रसन्नतेवर दगड टाकायला दोघांचाही हात उचलेना. आईवडिलांशी बोलायच्या काही गोष्टी अशा असतात की त्या मनात पूर्ण तयार असतात, पण त्यांना बाहेर पडायला दरवाजा सापडत नाही. शेवटी सुट्टी संपली, सामान बांधलं, आणि आम्ही न बोललेलं सगळं तसंच बरोबर घेऊन परतीला निघालो.

परतीच्या प्रवासात भावाने आयसाठी पुढच्या वर्गाची, बिझनेस क्लासची, जागा घेतली होती. येताना तिचा गुडघा अवघडून ताठला होता. तिच्या सोबतीला मी, आणि तो स्वतः मागे, नेहमीच्या अरुंद खुर्च्यांत. दोन-अडीच तासांचंच उड्डाण; तिथे काही झोपायचे पलंग नव्हते. पण खुर्च्या ऐसपैस होत्या, पाय ठेवायला वर येणारी फळी होती. आय बसली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले आणि म्हणाली, "लग्नात नवरा-नवरीला बसवतात तसं बसवलंय. आता लोक पाकिटं घेऊन येतील काय?" साडी नेसलेल्या हवाईसुंदरीने चिमट्याने गरम रुमाल आणून दिले आणि तो गवती चहाचा वास दरवळला. आयने रुमाल नाकाशी धरला, डोळे मिटले, मग तोंड, मान, हात कोपरांपर्यंत नीट पुसले, आणि कष्ट करून आल्यासारखा समाधानाचा सुस्कारा टाकला.

विमान वर गेल्यावर आमच्या आणि मागच्या प्रवाशांच्या मध्ये पडदा ओढला गेला. आयने मान वळवून तो पाहिला. "तो कशाला? इकडे कोन सोवळ्यात हाय?" थोड्या वेळाने पडद्यातून भावाचं डोकं दिसलं, आय नीट बसली का ते पाहायला आला होता. हवाईसुंदरीने त्याला हसून, पण ठामपणे परत पाठवलं. आय अर्धवट उठली. "अगो, पोरगा हाय माझा!" त्या हवाईसुंदरीला काय कळलं कोण जाणे, पण जेवणानंतर आयने आपल्या ताटातली मिठाई कागदी रुमालात गुंडाळून पडद्याकडे बोट दाखवलं, तेव्हा ती बाई ती पुडी घेऊन मुकाट्याने मागे गेली.

खिडकीबाहेर ढगांचं पांढरं शेत पसरलं होतं. आयने पायाखालची फळी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला मला कायतरी सांगायचं हाय ना?"

मी दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तो रोज बोलायला तोंड उघडतो नि त्यात भात घालतो."

आता पळवाट नव्हती. मी तिचा हात हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. तू पडलीस तेव्हापासून आम्हांला झोप लागत नाही. वाडीचं आम्ही बघू. तू माझ्याकडे राहा, त्याच्याकडे राहा, तुला हवं तसं. तिच्या प्रत्येक नकाराला माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती रडली तर काय म्हणायचं, चिडली तर काय, वडिलांचं नाव काढलं तर काय, सगळं.

आयने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यासाठी यवढ्या लांब आनलंत? मी तर कवापासून निघायला तयार हाय."

मला वाटलं विमानाच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं.

"पन तुमच्याकडे नाय येनार," ती शांतपणे पुढे म्हणाली. "आचोळ्याला तुझ्या मावशीच्या समोरचा बिलाक रिकामा हाय. तिनं मालकाला थांबवून ठेवलंय. मी तिथं राहनार. एकटी."

मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण, तीही एकटीच, नालासोपाऱ्याला आचोळ्यात बाजाराच्या रस्त्यावरच्या इमारतीत राहणारी. त्या इमारतीखाली सकाळपासून भाजीच्या गाड्या, रिक्षांचे हॉर्न, शाळेच्या बसगाड्या. मावशीकडे गेलं की मला तासाभरात डोकेदुखी सुरू होते. आणि मग माझ्या हातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. आयला वाडीतून उपटायला निघालेली मी, मीच वाडीची बाजू घेऊन भांडू लागले. आणि मोगरा, आय? आणि विहीर? दारातला सोनचाफा? ती सावली, तो वारा, ते सगळं टाकून तू त्या गोंगाटात राहणार?

आयने मला बोलू दिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मूल खेळण्यासाठी हट्ट करतं तेव्हा मोठी माणसं बघतात तसं ती बघत होती.

"तुमी रविवारी येता," ती म्हणाली. "चाफा हुंगता, केळी खाता, माडाखाली झोपता, नि सांजेला गाडीत बसून जाता. ते तुमचं रविवारचं घर हाय, बाय. मी तिथं सोमवारी असते."

"तुला तिथे आवडत नाही?"

"आवडतं काय म्हनून कोनी कधी विचारलं नाय. मीपन नाय विचारलं. लगीन होऊन आले तवा पान्याचा तांब्या कुठं ठेवायचा तेपन ठरलेलं होतं. सासू गेली, तुझा बा गेला, मी अजून तिथंच ठेवते. एकदा दुसरीकडे ठेवून बघितला. दुपारपर्यंत माझा जीव लागेना. गेले नि परत जागेवर ठेवला." तिने पायाखालची फळी पुन्हा खाली केली. "त्या खोलीतली ती बाई. रोज खुर्ची समुद्राकडे करायची, मी रोज फिरवायची. आज निघताना बघितलं, तिनं झाडून काढलं पन खुर्ची मी ठेवली तशीच ठेवली होती. मला किती बरं वाटलं, बाय, तुला काय सांगू."

ती एवढंच बोलली आणि खुर्ची मागे कलती करून डोळे मिटून पडली. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिची कानशिलं पांढरी झाली होती, कानांत त्याच जुन्या कुड्या, हातांना मोगऱ्याच्या कळ्या खुडून पडलेले काळे डाग. या बाईला मी जन्मापासून ओळखत होते. ती वाडीची होती आणि वाडी तिची होती, यात मला कधी शंका आली नव्हती. झाडाला जमीन आवडते का असं कुणी विचारत नाही. आपण ज्याला माहेर म्हणतो त्या सुखाच्या मध्यभागी एक माणूस उभा असतो, आणि तो तिथे उभा आहे म्हणून तर ते माहेर असतं. पण त्या माणसाचं स्वतःचं माहेर कुठे असतं? ढग मागे सरकत होते. माझ्या मनात हायसं वाटणं आणि पोरकं होणं अशा दोन भावना एकाच वेळी शेजारी शेजारी बसल्या होत्या, दोघींनाही जागा पुरेशी होती.

मुंबई जवळ आली. उतरायला जागा मोकळी नव्हती म्हणून विमान उत्तरेकडे सरकून घिरट्या घालू लागलं. ऊन तिरपं झालं होतं. खाली खाडीचं चमकतं पाणी, मिठागरांचे आरशासारखे चौकोन, आणि समुद्राच्या कडेने गेलेली हिरवी पट्टी. मी ओळखलं. आयला हलवून म्हटलं, "आय, बघ, आपली बाजू! तो किनारा भुईगावचा असणार. ती सगळी हिरवी झाडी बघ." आय काचेवर वाकली, पण तिचे डोळे हिरव्या पट्टीवरून पुढे गेले होते, पूर्वेकडे, जिथे वालीवच्या कारखान्यांचे निळे पत्रे लखलखत होते आणि अलीकडे इमारतींची करडी दाटी पसरली होती. तिने काचेवर बोट टेकवलं. "नि ती गर्दी दिसते ते आचोळं काय?"

भावाला मी सामानाच्या पट्ट्याजवळ सांगितलं. त्याने आधी विश्वास ठेवला नाही, आणि गाडी महामार्गाला लागल्यावर तो एकदम फुटला. "दोन मुलं असताना आई भाड्याच्या फ्लॅटमध्ये? लोक काय बोलतील, आय? आम्ही काय मेलोय?"

"असं वंगाळ बोलू नको. लोकांना सांग, म्हातारी हट्टी हाय," आय म्हणाली. "खोटं नाय पडनार."

"पण आमच्याकडे काय कमी आहे?"

"कमी कायच नाय. तुझ्या घरी तांब्याची जागा तुझ्या बायकोनं ठरवलीय. ती बरोबर हाय. मी कशाला हलवू?"

तांब्याचं प्रकरण त्याला माहीत नव्हतं, पण बोलण्यातलं काहीतरी त्याच्यापर्यंत पोचलं असावं. तो खिडकीबाहेर बघत बसला. खाडीवरचा पूल आला. वाऱ्याला मिठाचा आणि चिखलाचा ओळखीचा वास होता. पूल ओलांडून गाडी बरीच पुढे आली, तेव्हा त्याने मान न वळवता विचारलं, "लिफ्ट आहे का तिथे?" आयने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून हसली.

दिवाळीनंतर ती आचोळ्याला गेली. वाडी आम्ही शेजारच्या कुटुंबाला कसायला दिली. केळी-मोगरा ते बघतात, घराला कुलूप आहे. सुरुवातीला मी एक-दोनदा गेले, चाफ्याखाली उभी राहिले. झाड बहरलं होतं, कुणी नसताना बहरतं तसंच. शेजारच्या सुनेने अदबीने पाणी आणून दिलं आणि मी पाहुणी झाल्याचं मला कळलं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. आयला हे कधी सांगितलं नाही.

आचोळ्यात आयने पहिले काही आठवडे नुसती भांडी हलवण्यात घालवले. आज तांब्या ओट्याच्या उजवीकडे, उद्या डावीकडे, परवा थेट खिडकीत. तिच्या गॅलरीतून खालचा अख्खा बाजार दिसतो, आणि आय तिथे बसून तो बघते. वालीवच्या कारखान्यांतून सुटून येणारी पोरं कुठल्या वेळी चहाच्या टपरीवर थांबतात, कुठल्या भाजीवालीचं कुणाशी वाजलंय, सगळं तिला ठाऊक असतं. या वयात ती हिंदी शिकली. तिच्या हिंदीत नाय आणि हाय तसेच राहिले, पण भाजीवाल्या भैयाशी घासाघीस करायला तेवढं पुरतं. मावशी आणि ती कधी भजनाला जातात, कधी कुणाच्या बारशाला, कधी नुसत्या रिक्षात बसून फेरफटका मारून येतात. गुडघा अजून दुखतो. त्याविषयी ती तक्रार करते, आणि लिफ्ट बंद पडली तर पायऱ्या उतरून खालीही जाते.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी न कळवता तिच्याकडे गेले. वाडीच्या दिवसांची सवय अंगात होती. आयकडे जायला कुणी फोन करतं का? दाराला कुलूप. मावशीच्याही दाराला कुलूप. शेजारची बाई डोकावून म्हणाली, "आजी और मौसी तो सुबह से बाहर गई हैं. आप बैठोगे अंदर?" मी नको म्हटलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. हातात भाजीची पिशवी, वर भिंतीवर नंबर रंगवलेले विजेचे मीटर, खालून येणारा बाजाराचा कल्लोळ. ही पहिलीच वेळ होती की मी आयची वाट पाहत होते. आजवर वाट पाहण्याचं काम तिचं होतं. रविवारी कोपऱ्यावर गाडीचा आवाज येईपर्यंत ती काय करत असेल, दाराशी किती वेळा येत असेल, आम्ही आलो नाही त्या रविवारी शिजवलेल्या कालवणाचं काय होत असेल, असले प्रश्न त्या पायरीवर बसल्यावर एकेक करून मला भेटायला आले. मी त्यांना शेजारी बसू दिलं.

लिफ्टचं दार वाजलं आणि दोघी बहिणी हसत बाहेर पडल्या. दोघींच्या केसांत गजरे, हातात प्रसादाची पुडी. मला पाहून आय थबकली. "कवा आलीस? फोन नाय करायचा?" मग कमरेची किल्ली काढून तिने कुलूप उघडलं, आत गेली, दिवा लावला, पंखा लावला, आणि पुन्हा दारात येऊन मला म्हणाली, "ये."

वाडीतल्या घरात तिने मला कधी 'ये' म्हटलं नव्हतं. तिथे आम्ही सगळे नुसते शिरायचो. ते घर आमच्या वाडवडिलांचं होतं, आमच्या बालपणाचं होतं, आमच्या रविवारांचं होतं. त्यात कुणाला बोलवायचा अधिकार तिला होता की नाही, हे मला आता सांगता येणार नाही. काळ माणसाकडून खूप काही काढून घेतो असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. तो सोनचाफा माझ्याकडून गेला तो गेलाच. पण कधीकधी हाच काळ फार उशिरा, मागचं काहीही न फेडता, एखाद्याच्या हातात एवढा एकच शब्द ठेवून जातो. मी चपला बाहेर काढल्या आणि आयच्या घरात गेले.